परिसर्प : विभेदक निदानाचा इतिहास

त्वचा व श्लेष्मकला (शरीरातील पोकळ्यांच्या आतील बाजूचे बुळबुळीत अस्तर) यांवर पाण्यासारख्या द्रवाने भरलेल्या बारीक पुटिकांचे (फोडांचे) पुंजके उत्पन्न करणाऱ्या व पुनःपुन्हा उद्‌भवणाऱ्या व्हायरसजन्य रोगाला परिसर्प म्हणतात. ‘हर्पीज सिंप्लेक्स’ हे त्याचे वैद्यकातील रूढ नाव होय. ओठ, तोंड व जननेंद्रिये ही त्याची नेहमीची स्थाने आहेत. पुटिका अल्पावधीत फुटतात व त्यांच्या जागी उथळ, वेदनायुक्त व्रण राहतात. रोगी वैद्याकडे येतो तेव्हा बहुधा हे व्रणच दिसतात. याच ठिकाणी उपदंश (गरमी), मृदू रतिव्रण, मुखपाक (तोंड येणे), काही औषधांची प्रतिक्रिया आणि कर्करोग यांचेही व्रण उत्पन्न होत असल्यामुळे केवळ पाहून त्यांतील भेद ओळखणे कठीण जाते. परिसर्प त्यांच्यापासून वेगळा ओळखला जाण्यास सु. दोन हजार वर्षे लागली. दरम्यानच्या काळात चुकीच्या निदानामुळे अनेकांना अनावश्यक व विषारी औषधे घ्यावी लागली, अनेकांवर अनाचाराचा ठपका आला आणि ज्यांना खरोखर उपदंश झाला होता अशांपैकी काही उपचारावाचून राहिले.

नाव व प्राचीन वर्णने : ‘हर्पीज’ हा शब्द ‘सरपटणे’ या अर्थाच्या ग्रीक धातूपासून आला आहे. हा धातू व संस्कृतमधील ‘सृप्’ हा धातू एकाच मुळाचे आहेत. हिपॉक्राटीझ यांच्या परंपरेतील ग्रंथांत त्वचेवर पसरत जाणाऱ्या निरनिराळ्या विकारांना हे नाव दिलेले आढळते. त्यांत आजच्या अर्थाचा परिसर्प, नागीण, गजकर्ण व चिघळणारे व्रण या सर्वांचा समावेश होत असावा. इ. स. १०० च्या सुमारास रोममधील हिरॉडोटस या वैद्यांनी साध्या तापाचा जोर उतरताना तोंडाभोवती उठणाऱ्या पुटिकांचे वर्णन केले. ओठांवरील परिसर्पाचा हा बराच स्पष्ट असा प्राचीन उल्लेख मानला जातो. रोमन ग्रंथकार सेल्सस यांनी जननेंद्रियांवरील व्रणांचे कोरडे व स्रावयुक्त असे भेद केले होते. परंतु त्यांची कारणे वेगळी असतील असा विचार त्यात नव्हता.

भारतीय वैद्यकातही वर्गीकरण स्थान, स्वरूप व दोष यांवर आधारलेले होते. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात उपदंशाचे वातज, पित्तज, कफज, सान्निपातिक व रक्तज असे पाच प्रकार सांगितले असून मुखरोगांची संख्या पासष्ट दिली आहे. संपूर्ण तोंडात पसरणाऱ्या विकारांना तेथे ‘सर्वसर’ अशी संज्ञा आहे. ‘विसर्प’ व ‘परिसर्प’ या संज्ञाही सुश्रुतसंहितेत येतात. त्यांपैकी परिसर्पाची गणना क्षुद्रकुष्ठांत केली आहे. ही नावे पुढे आधुनिक परिभाषेत घेतली गेली, म्हणून प्राचीन परिसर्प व आजचा परिसर्प हे एकच समजणे योग्य नव्हे. ‘उपदंश’ या संज्ञेचा प्रवास अधिक उद्‌बोधक आहे. प्राचीन ग्रंथांत जननेंद्रियांवरील विविध व्रणांचे हे सामान्य नाव होते. आधुनिक मराठीत ते ‘सिफिलिस’ या एकाच रोगासाठी रूढ झाले. त्यामुळे जुन्या ग्रंथातील उपदंशाच्या वर्णनात परिसर्पाचाही अंश असणे शक्य आहे.

फिरंगरोगाचे आगमन : १४९५ मध्ये नेपल्सला वेढा पडला असताना यूरोपात उपदंशाची तीव्र साथ पसरली. लवकरच समुद्रमार्गाने हा रोग आशियातही पोहोचला. सोळाव्या शतकातील भावमिश्र यांनी भावप्रकाश या ग्रंथात ‘फिरंगरोग’ या नावाने त्याचे वर्णन केले. फिरंगी लोकांच्या संसर्गाने होणारा हा रोग त्यांनी पूर्वीच्या उपदंशाहून वेगळा मानला व त्याचे बाह्य, आभ्यंतर आणि उभयविध असे तीन प्रकार केले. पाऱ्याचे कल्प व चोपचिनी ही त्यावरील औषधे सांगितली आहेत. जुन्या व्रणांपासून नवा रोग वेगळा करण्याचा हा लक्षणीय प्रयत्न होता.

यूरोपात मात्र या साथीचा उलट परिणाम झाला. उपदंशाची दहशत इतकी होती की, जननेंद्रियांवरील जवळजवळ प्रत्येक व्रणाचा संबंध त्याच्याशी जोडला जाऊ लागला. उपदंशाचा पहिला व्रण उपचार न करताही तीन ते सहा आठवड्यांत भरून येतो आणि परिसर्पाचे व्रण त्याहूनही लवकर भरतात. त्यामुळे पारा दिल्यानंतर व्रण बरा झाला, की निदान व औषध दोन्ही बरोबर होती असा समज होई. परिसर्प पुन्हा उद्‌भवला म्हणजे विष अंगात शिल्लक राहिले असे ठरवून पाऱ्याचा नवा क्रम सुरू करण्यात येई. लाळ अतोनात सुटणे, हिरड्या सुजणे, दात पडणे व तोंडात व्रण होणे ही पाऱ्याच्या विषबाधेची लक्षणे होत. म्हणजे उपचारामुळे उत्पन्न झालेले मुखव्रणही रोगाच्या खात्यावर मांडले जाण्याचा संभव होता.

एक विष की अनेक : फ्रेंच वैद्य झां आस्त्र्यूक (१६८४–१७६६) यांनी १७३६ मध्ये गुप्तरोगांवरील आपल्या ग्रंथात जननेंद्रियांवरील परिसर्पाचे वर्णन केले. तथापि गुप्तरोगांचे विष एकच, अशी समजूत कायम होती. इंग्रज शस्त्रक्रियातज्ञ जॉन हंटर (१७२८–९३) यांनी १७६७ मध्ये परम्याच्या रोग्याचा पू टोचून प्रयोग केला. टोचलेल्या जागी उपदंशाचा व्रण उत्पन्न झाला, तेव्हा परमा व उपदंश हे एकच रोग आहेत, असा निष्कर्ष त्यांनी काढला व तो १७८६ मध्ये ग्रंथरूपाने मांडला. ज्या रोग्याचा पू घेतला त्याला बहुधा दोन्ही रोग झालेले असावेत. हंटर यांच्या अधिकारामुळे ही चूक पुढे सु. अर्धे शतक टिकून राहिली.

त्वचारोगांच्या वर्गीकरणातून परिसर्पाला प्रथम निश्चित मर्यादा मिळाली. लंडनमधील रॉबर्ट विलन (१७५७–१८१२) यांनी त्वचेवरील पुरळाचे त्याच्या मूळ स्वरूपानुसार वर्ग पाडले आणि त्यांचे शिष्य टॉमस बेटमन (१७७८–१८२१) यांनी १८१३ मध्ये हे कार्य पूर्ण केले. लालसर पायावर पुंजक्याने उठणाऱ्या, ठराविक क्रमाने वाढून आपोआप बऱ्या होणाऱ्या पुटिकांपुरतेच ‘हर्पीज’ हे नाव त्यांनी मर्यादित केले. गजकर्णासारखे काही विकार त्यांच्याही यादीत राहून गेले. परंतु ओठांवरील व शिश्नाग्राच्या त्वचेवरील असे परिसर्पाचे दोन प्रकार त्यांनी स्वतंत्रपणे वर्णिले. दुसऱ्या प्रकाराची उपदंशाशी गल्लत होऊन रोग्याचे गंभीर नुकसान होण्याचा संभव आहे, हा इशाराही बेटमन यांनी दिला. व्रणापूर्वी पुटिका होती काय, असा प्रश्न रोग्याला विचारण्याची दिशा या वर्गीकरणाने दाखवली.

पॅरिसमधील फिलीप रीकॉर (१८००–८९) यांनी रोग्याच्या व्रणातील स्राव त्याच्याच मांडीवर टोचून पाहण्याची पद्धत मोठ्या प्रमाणावर वापरली व १८३८ मध्ये परमा आणि उपदंश हे भिन्न रोग असल्याचे दाखवून दिले. व्रणांचे सर्व प्रकार मात्र ते एकाच विषाचे मानीत. १८५२ मध्ये त्यांचे शिष्य लेऑं बासरो यांनी वेगळा मार्ग अवलंबिला. प्रत्येक रोगी व ज्या व्यक्तीपासून त्याला संसर्ग झाला ती व्यक्ती यांच्या व्रणांची त्यांनी तुलना केली. कठीण व्रणापासून कठीण व मृदू व्रणापासून मृदूच व्रण होतो आणि सर्व शरीरात पसरणारा उपदंश फक्त पहिल्या प्रकारानंतर उद्‌भवतो, असे त्यांना आढळले. अशा रीतीने मृदू रतिव्रण हा स्वतंत्र रोग ठरला. एकाच व्यक्तीला दोन्ही रोग एकदम होऊन मिश्र व्रण होऊ शकतो, हे नंतर लीआँ येथील जोझेफ रॉले यांनी दाखवले.

परिसर्पाचे स्वरूप या कसोटीवरही उलगडले नाही. एमील व्हिदाल यांनी १८७३ मध्ये माणसाकडून माणसाला परिसर्प टोचता येतो हे सिद्ध केले होते. तरीही दिदे व द्वायों (१८८६), तसेच जर्मन त्वचारोगतज्ञ पाउल उना (१८५०–१९२९) यांच्यासारख्या निरीक्षकांचे लक्ष अन्य गुप्तरोग होऊन गेलेल्या व्यक्तींत आणि वेश्यांत हा विकार वारंवार दिसतो, याकडेच अधिक गेले. नवा संबंध आलेला नसतानाही व्रण पुन्हा उठतात, तेव्हा तो सांसर्गिक नसून पूर्वीच्या रोगामुळे दुखावलेल्या तंत्रिकांचा (मज्जातंतूंचा) विकार असावा, असे मत प्रचलित झाले. पुनरुद्‌भव हे परिसर्पाचे सर्वांत वैशिष्ट्यपूर्ण लक्षण. तेच त्याची सांसर्गिकता झाकून टाकण्यास कारणीभूत झाले.

कायदा व नजरेचे निदान : निदानातील अनिश्चिततेला एकोणिसाव्या शतकात कायद्याचीही जोड मिळाली. सैनिकांतील गुप्तरोगांना आळा घालण्यासाठी ब्रिटनमध्ये १८६४ पासून व भारतात १८६८ मध्ये सांसर्गिक रोगांविषयीचे अधिनियम करण्यात आले. भारतीय अधिनियमानुसार वेश्यांची नोंदणी व सक्तीची वैद्यकीय तपासणी होई आणि रोगग्रस्त ठरलेल्या स्त्रियांना ‘लॉक हॉस्पिटल’ नावाच्या खास रुग्णालयांत अडकवून ठेवले जाई. मुंबईतही काही काळ या अधिनियमाची अंमलबजावणी झाली. त्या वेळी जंतुपरीक्षा किंवा रक्तपरीक्षा उपलब्ध नव्हत्या. वैद्याला जे दिसेल त्यावरच स्त्रीचे स्वातंत्र्य अवलंबून असे. परिसर्पाचे किंवा घर्षणाने झालेले व्रण आणि उपदंशाचा व्रण यांतील भेद प्रत्येक वेळी अचूक केला जाणे शक्य नव्हते. स्त्रियांमध्ये उपदंशाचा पहिला व्रण पुष्कळदा गर्भाशयाच्या ग्रीवेवर असतो व वेदनारहित असल्यामुळे लक्षात येत नाही. म्हणजे निरपराध स्त्री अडकणे व रोगी स्त्री सुटणे या दोन्ही गोष्टी संभवत होत्या. स्त्रियांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांवर मात्र अशी सक्ती नव्हती. तीव्र विरोधानंतर भारतातील हा अधिनियम १८८८ मध्ये रद्द झाला.

कारक जंतूंचा शोध : सूक्ष्मजंतुशास्त्राच्या प्रगतीमुळे व्रणांचे वर्गीकरण कारणांवर आधारणे शक्य झाले. इटालियन शास्त्रज्ञ आउगुस्तो दूक्रे (१८६०–१९४०) यांनी १८८९ मध्ये मृदू रतिव्रणाचा स्राव रोग्याच्याच बाहूवर क्रमाने टोचत जाऊन त्यातील दंडाकार सूक्ष्मजंतू ओळखले. १९०५ मध्ये बर्लिन येथे फ्रिट्स शाउडिन व एरिख होफमान यांना उपदंशाचे मळसूत्राकार जंतू दिसले. पुढील वर्षी कृष्णक्षेत्र सूक्ष्मदर्शकाने (काळ्या पार्श्वभूमीवर जंतू चमकताना दाखविणाऱ्या सूक्ष्मदर्शकाने) ते जिवंत पाहण्याची पद्धत व व्हासरमान रक्तपरीक्षा प्रचारात आल्या. रक्तपरीक्षा पहिल्या काही दिवसांत नकारात्मक असू शकते. म्हणून ताज्या व्रणातील स्राव पाहणे महत्त्वाचे ठरले.

या शोधांत भारताचाही वाटा आहे. जांघेतील कणार्बुद या मंद गतीने पसरणाऱ्या व्रणाचे वर्णन केनेथ मॅक्लाउड यांनी १८८२ मध्ये कलकत्ता येथे केले होते. १९०५ मध्ये मद्रास येथे चार्ल्‌स डॉनोव्हन (१८६३–१९५१) यांना त्यातील कोशिकांमध्ये (पेशींमध्ये) विशिष्ट पिंड आढळले. ते आज ‘डॉनोव्हन पिंड’ म्हणून ओळखले जातात. १९१३ मध्ये फ्रान्समधील संशोधकांनी लसीका ग्रंथींचा गुप्तरोगजन्य कणार्बुद हाही स्वतंत्र रोग म्हणून वेगळा काढला. एकाच नावाखाली गणल्या जाणाऱ्या व्रणांतून एकेक रोग असा बाजूला होत गेला.

परिसर्पाचा व्हायरस : साध्या सूक्ष्मदर्शकाने न दिसणाऱ्या परिसर्पाच्या कारणाचा शोध प्राण्यांवरील प्रयोगांमुळे लागला. जर्मन नेत्रवैद्य व्हिल्हेल्म ग्रूटर यांनी १९१२ च्या सुमारास मानवी डोळ्यातील परिसर्पाचा स्राव सशाच्या स्वच्छमंडलावर (बुबुळापुढील पारदर्शक पडद्यावर) टोचून तेथे तसाच रोग उत्पन्न केला. १९१९ मध्ये लोव्हेनस्टाईन यांनी ओठांवरील परिसर्पाच्या पुटिकांतील द्रवानेही तसेच घडते हे दाखवले. नागिणीच्या द्रवाने मात्र तसे होत नाही. परिसर्प व नागीण यांना वेगळी करणारी ही पहिली प्रायोगिक कसोटी होय. बेन्यामिन लिपशुट्स (१८७८–१९३१) यांनी १९२१ मध्ये परिसर्पाच्या कोशिकांच्या केंद्रकांतील विशिष्ट पिंडांचे वर्णन केले आणि जननेंद्रियांवरील व ओठांवरील परिसर्पाचे व्हायरस भिन्न असावेत, असे मतही मांडले. त्यांच्या या मतास पुष्टी मिळण्यास पुढे चार दशके लागली.

पुनरुद्‌भवाचे कोडेही याच काळात उलगडू लागले. त्रिमूल तंत्रिकेच्या (चेहऱ्याला संवेदना पुरविणाऱ्या मज्जातंतूच्या) गुच्छिकेवर शस्त्रक्रिया केल्यानंतर चेहऱ्यावर परिसर्प उठतो, हे हार्वी कुशिंग यांनी १९०५ मध्ये नोंदवले होते. अमेरिकन विकृतिवैज्ञानिक अर्नेस्ट गुडपॅश्चर (१८८६–१९६०) यांनी व्हायरस तंत्रिकांमधून प्रवास करतो असे दाखवून, तो गुच्छिकेत सुप्तावस्थेत राहतो, ही उपपत्ती १९२९ मध्ये मांडली. १९३० मध्ये अँड्रूझ व कारमायकेल यांना आढळले की, ज्यांना वारंवार परिसर्प होतो त्यांच्या रक्तात त्याविरुद्धची प्रतिपिंडे आधीपासूनच असतात. १९३८ मध्ये लहान मुलांच्या तीव्र मुखपाकातून परिसर्पाचा व्हायरस वेगळा करण्यात आला. पहिला संसर्ग बहुधा बालपणी घरातील व्यक्तीकडून, कित्येकदा नकळत होतो आणि नंतरचे पुरळ हे त्याच व्हायरसाचे पुनर्जागरण असते, हे त्यामुळे स्पष्ट झाले. १९७१ मध्ये उंदरांच्या, १९७२ मध्ये मानवी त्रिमूल गुच्छिकांतून व पुढे त्रिक भागातील (पाठीच्या कण्याच्या तळाकडील) गुच्छिकांतूनही सुप्त व्हायरस मिळाल्यावर ही उपपत्ती सिद्ध झाली. तिचा सामाजिक अर्थ मोठा आहे. आज उठलेला व्रण हा अनेक वर्षांपूर्वीच्या संसर्गाचा परिणाम असू शकतो. त्यावरून सध्याच्या जोडीदाराच्या निष्ठेविषयी अनुमान काढता येत नाही.

मुखव्रणांतील गोंधळ : तोंडातील व्रणांच्या बाबतीत गल्लत उलट दिशेने झाली. वारंवार तोंड येण्याचा जो सर्वसामान्य विकार (ॲफ्थी) आहे, तो परिसर्पच होय, असे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अनेकांना वाटे. त्यातील बारीक, पुष्कळ व्रण असलेल्या एका प्रकाराला १९६० मध्ये ‘परिसर्पसदृश’ असे नाव मिळाल्याने संभ्रमात भर पडली. वस्तुतः त्याचा परिसर्पाच्या व्हायरसाशी संबंध नाही. १९७० मध्ये अमेरिकेतील दंतवैद्यांनी दोहोंतील भेद स्पष्ट केला. प्रौढांमधील पुनरुद्‌भवी परिसर्प बहुधा ओठांची कड, हिरड्या व टाळूचा पुढचा कठीण भाग अशा घट्ट श्लेष्मकलेवर होतो व त्यात आधी पुटिका येतात. सामान्य मुखव्रण गाल व ओठ यांची आतील बाजू, जिभेची कड व जिभेखालचा भाग अशा सैल श्लेष्मकलेवर होतात, त्यांत पुटिकावस्था नसते व ते सांसर्गिक नसतात. हा भेद उपचारांच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. सामान्य मुखव्रणांना स्टेरॉइड गटातील औषधांच्या लेपाने आराम पडतो. परिसर्पात, विशेषतः डोळ्यातील परिसर्पात, तीच औषधे घातक ठरू शकतात.

लहान मुलांच्या घशातील पुटिका व हात, पाय आणि तोंड यांवर एकाच वेळी उठणारे पुरळ हे कॉक्ससॅकी गटातील व्हायरसांमुळे होतात. या गटाचा शोध १९४८ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील कॉक्ससॅकी या गावी घेतलेल्या नमुन्यांतून लागला. तोंड व जननेंद्रिये या दोन्ही ठिकाणी वारंवार व्रण होऊन डोळ्यांचाही दाह होणारा विकार तुर्की त्वचारोगतज्ञ हुलुसी बेह्‌चेत (१८८९–१९४८) यांनी १९३७ मध्ये स्वतंत्र ठरवला. तो सांसर्गिक नाही. कुमारिकांमध्ये लैंगिक संबंधावाचून अकस्मात उत्पन्न होणाऱ्या भगव्रणांकडे लिपशुट्स यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात लक्ष वेधले. अशा मुलींविषयी केवळ व्रण पाहून संशय घेणे किती अन्यायकारक ठरेल, हे त्यावरून दिसून येते. सल्फा व काही वेदनाशामक औषधांमुळे काही व्यक्तींत ओठ वा शिश्न यांवर दर वेळी त्याच जागी चट्टा किंवा व्रण उठतो. हाही पुनरुद्‌भवी असल्यामुळे त्याची परिसर्पाशी गल्लत होते. प्रत्येक वेळी आधी कोणते औषध घेतले होते, या चौकशीतून उलगडा होतो.

दोन प्रकार : १९६२ मध्ये जर्मनीतील श्नेव्हाइस यांनी परिसर्पाच्या व्हायरसाचे प्रतिपिंडांच्या साहाय्याने दोन प्रकार वेगळे केले. १९६७ मध्ये डाउडल, नामिआस व त्यांचे सहकारी यांनी पहिला प्रकार बहुधा तोंडाशी व दुसरा जननेंद्रियांशी निगडित असल्याचे दाखवले. प्रसूतीच्या वेळी मातेकडून नवजात अर्भकाला होणारा परिसर्प प्राणघातक ठरू शकतो, याचेही महत्त्व या काळात लक्षात आले. गर्भारपणाच्या अखेरीस मातेला प्रथमच संसर्ग झाला असेल, तर अर्भकाला धोका सर्वाधिक असतो. जुन्या रोगाच्या पुनरुद्‌भवात तो पुष्कळच कमी असतो. त्या अवस्थेत व्रणाचे निदान करणे म्हणजे प्रसूती कशी करावयाची, याचा निर्णय करणे होय.

नवे वर्गीकरणही चुकांपासून मुक्त नव्हते. गर्भाशयाच्या ग्रीवेच्या कर्करोगाचे कारण दुसऱ्या प्रकारचा व्हायरस असावा, असे १९७० च्या दशकात मानले जात होते. हाराल्ट त्सुर हाउझेन यांनी १९८३ पासून मानवी पॅपिलोमा व्हायरस हे खरे कारण असल्याचे दाखवले. या कार्याबद्दल त्यांना २००८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. तोंडाचा पहिला व जननेंद्रियांचा दुसरा, हे समीकरणही कालांतराने ढिले झाले. अनेक देशांत जननेंद्रियांवरील नव्या परिसर्पात पहिल्या प्रकाराचे प्रमाण वाढले असून तो तेथे तुलनेने कमी वेळा पुन्हा उद्‌भवतो.

विभेदक लक्षणे : परंपरेने शिकविली जाणारी लक्षणे पुढीलप्रमाणे आहेत. परिसर्पात संसर्गानंतर २ ते १२ दिवसांत चुणचुण होऊन पुटिकांचे पुंजके व नंतर उथळ, दुखरे व्रण उत्पन्न होतात. जांघेतील लसीका ग्रंथी दुखऱ्या होतात आणि व्रण वण न ठेवता भरतात. उपदंशाचा व्रण सरासरी तीन आठवड्यांनी उत्पन्न होतो. तो बहुधा एकच, वेदनारहित, कठीण पायाचा व स्वच्छ असतो. मृदू रतिव्रण काही दिवसांतच उत्पन्न होतो. व्रण अनेक, फार दुखरे, मऊ, वेड्यावाकड्या कडांचे व पूयुक्त असतात आणि जांघेत गळू होते. डॉनोव्हन यांच्या रोगातील व्रण लालभडक, सहज रक्त येणारा, वेदनारहित व हळूहळू पसरणारा असतो. तोंडातील दोन ते तीन आठवड्यांहून अधिक टिकणारा व्रण, विशेषतः तंबाखू वा गुटखा खाणाऱ्या व्यक्तीत, कर्करोगाच्या शक्यतेने तपासलाच पाहिजे. परिसर्प इतका काळ सहसा टिकत नाही. मात्र एचआयव्ही संसर्गामुळे प्रतिकारशक्ती क्षीण झाली असल्यास परिसर्पाचे व्रण महिनोन्‌महिने राहू शकतात.

ही लक्षणे उपयुक्त असली, तरी पुरेशी नाहीत. १९९७ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ही नमुनेदार लक्षणे प्रत्येक रोगाच्या सु. एक-तृतीयांश रोग्यांतच आढळली. पुणे येथील गुप्तरोग चिकित्सालयांतील पुरुषांविषयी १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात परिसर्प व मृदू रतिव्रण या दोहोंचे प्रमाण मोठे होते, काहींत एकाहून अधिक रोग एकत्र होते आणि बऱ्याच जणांत कोणतेच कारण सापडले नाही.

प्रयोगशालेय निदान : पॅरिसमधील आर्नो त्सांक (१८८६–१९५४) यांनी १९४७ मध्ये व्रणाच्या तळाचा खरवड रंजित करून (रंग देऊन) बहुकेंद्रकी महाकोशिका पाहण्याची सोपी पद्धत प्रचारात आणली. तीमुळे उपदंशापासून परिसर्प वेगळा करता येतो. परंतु परिसर्प व नागीण यांतील भेद समजत नाही. त्यानंतर ऊतकसंवर्धन (कोशिकांच्या कृत्रिम वाढीत व्हायरस वाढविणे) ही पद्धत दीर्घकाळ प्रमाण मानली गेली. तथापि व्रण सुकू लागला की तिची उपयुक्तता घटते. १९८० च्या दशकात शोधलेल्या पॉलिमरेज शृंखला विक्रियेने (पीसीआर) व्रणातील अत्यल्प डीएनए ओळखता येऊ लागल्यामुळे तिने संवर्धनाची जागा बव्हंशी घेतली. व्हायरसाच्या प्रकारानुसार प्रतिपिंडे ओळखणाऱ्या रक्तपरीक्षाही उपलब्ध झाल्या. त्यांवरून संसर्ग झाला होता एवढे कळते. तो केव्हा व शरीराच्या कोणत्या भागात झाला, अथवा समोर दिसणारा व्रण त्याचाच आहे काय, हे कळत नाही. पहिल्या प्रकाराचा संसर्ग अत्यंत सार्वत्रिक असल्याने त्याविरुद्धच्या प्रतिपिंडांच्या अस्तित्वाला निदानात फारसा अर्थ उरत नाही.

उपचारांत प्रगती झाल्याने अचूक निदानाचे महत्त्व वाढले. १९४३ पासून उपदंशावर पेनिसिलीन परिणामकारक ठरले. परिसर्पावर त्याचा उपयोग नाही. १९७० च्या दशकात विकसित झालेले ॲसिक्लोव्हिर हे औषध १९८२ पासून प्रचारात आले. त्यामुळे व्रण लवकर भरतात व पुनरुद्‌भव कमी करता येतो. सुप्त व्हायरस मात्र नष्ट होत नाही. या औषधाशी निगडित संशोधनातील सहभागी गर्ट्रूड एलियन यांना १९८८ मध्ये अन्य दोघांसमवेत नोबेल पारितोषिक मिळाले.

जेथे प्रयोगशाळा नाहीत तेथे लक्षणसमूहांवर आधारित उपचारपद्धती जागतिक आरोग्य संघटनेने पुरस्कारिली. भारतात राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने २००७ च्या सुमारास रंगांनुसार औषधसंच ठरविले. त्यांत परिसर्पाच्या व्रणासाठी लाल व अन्य व्रणांसाठी पांढरा किंवा, पेनिसिलीन न सोसणाऱ्यांसाठी, निळा संच होता. पुटिका आहेत वा पूर्वी होत्या काय, या प्रश्नावरच निवड अवलंबून असे. बेटमन यांची कसोटी अशा प्रकारे सु. दोनशे वर्षांनंतरही उपयोगात राहिली. चुकीची भरपाई व्हावी म्हणून अशा रोग्यांची उपदंशासाठी रक्तपरीक्षा करावी, असेही सांगितले जाते. या उपायांनंतर मृदू रतिव्रण अनेक देशांत दुर्मिळ झाला आणि जननेंद्रियांवरील व्रणांत परिसर्प प्रमुख ठरला. दुसऱ्या प्रकारच्या परिसर्पाने एचआयव्ही संसर्गाचा धोका सु. तिप्पट होतो, हेही दिसून आले आहे.

२०२२ मध्ये एमपॉक्स (वानर देवी) या रोगाची साथ अनेक देशांत पसरली. १९७० पासून ज्ञात असलेल्या या रोगात सर्वांगावर पुरळ येते अशी माहिती होती. नव्या साथीत मात्र अनेकांना जननेंद्रिये, गुदद्वार किंवा तोंड येथे मोजकेच व्रण आले व त्यांपैकी काहींवर प्रथम परिसर्प किंवा उपदंश समजून उपचार झाले. जुनाच प्रश्न नव्या रोगाच्या रूपाने पुन्हा उपस्थित झाला.

सामाजिक परिणाम : १९८० च्या सुमारास अमेरिकेत जननेंद्रियांवरील परिसर्पाची मोठी भीती पसरली; १९८२ मध्ये टाइम साप्ताहिकाने त्यावर मुखपृष्ठकथा प्रसिद्ध केली. पुढे एड्सच्या प्रादुर्भावाने ही चर्चा मागे पडली, पण रोगाशी जोडलेली लाज टिकून राहिली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या अंदाजानुसार पन्नास वर्षांखालील सु. ३८० कोटी (६४ टक्के) लोकांना पहिल्या प्रकाराचा आणि १५ ते ४९ वर्षे वयाच्या सु. ५२ कोटी (१३ टक्के) लोकांना दुसऱ्या प्रकाराचा संसर्ग झालेला होता. त्यांपैकी बहुसंख्यांना लक्षणे नसतात किंवा ती इतकी सौम्य असतात की ओळखू येत नाहीत. अशा व्यक्तींकडूनही संसर्ग पसरू शकतो. ओठावरील पुळीकडे कोणी लक्ष देत नाही आणि तोच व्हायरस अन्यत्र आढळला की शीलाविषयी शंका घेतली जाते, हा भेद वैद्यकीय नसून सामाजिक आहे. लाजेमुळे रोगी व्रण लपवितो, व्रण भरून गेल्यावर परीक्षेला नमुना मिळत नाही व निदान राहून जाते. उपदंश असल्यास तो आत पसरत राहतो. म्हणून तोंडावर वा जननेंद्रियांवर व्रण दिसताच, तो ताजा असतानाच तपासून घेणे श्रेयस्कर ठरते.